गोव्याच्या दमट हवेत कमी खर्चात सर्व्हर रॅक कसा उभा करायचा आणि कसा झाकायचा

आमच्या वाड्यावरच्या नाटकांच्या आणि भजनांच्या जुन्या कॅसेटी आम्ही चारपाच जणांनी मिळून डिजिटल करायला घेतल्या. सुरुवातीला एक कॉम्प्युटर आणि दोन बाहेरच्या हार्डडिस्क एवढंच होतं, मग फाइल्स वाढल्या, एक जुना सर्व्हर (फाइल्स साठवून बाकीच्या कॉम्प्युटरना पुरवणारा कॉम्प्युटर) आला, मग दुसरा, नेटवर्कचा स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी डबी), युपीएस, आणि हे सगळं फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या वसरीला लागून असलेल्या खोलीत टेबलावर पसरलं. पहिल्याच पावसाळ्यात एका सर्व्हरच्या मागच्या पट्टीवर गंज दिसला आणि एका हार्डडिस्कने मान टाकली. तेव्हा कळलं की रॅक, म्हणजे यंत्रं एकावर एक स्क्रूने बसवायचा लोखंडी सांगाडा, हवाच, आणि तो इथल्या हवेला सोसणारा हवा. रॅकची माहिती बहुतेक मोठ्या शहरातल्या एसी ऑफिसांसाठी लिहिलेली असते. चिऱ्यांच्या भिंती, कौलं, जुलैतली हवा आणि वरचेवर जाणारी लाईट यांच्यासाठी कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी केलं ते क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पैसे कमी असतील तर ते या क्रमाने घाला: पहिले अर्थिंग, मग पुढून मागे पुरेसा खोल रॅक, मग हवा खेळायची सोय, आणि सगळ्यात शेवटी दारं-झाकणं. बहुतेक जण उलटं करतात, काचेचं दार असलेला चकचकीत रॅक घेतात आणि अर्थिंगला पैसे उरत नाहीत.

काय काय जवळ पाहिजे

हत्यारं: मेजर टेप, लेव्हल, स्टार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, १० आणि १३ चे पाने, कानस, मल्टिमीटर, सॉकेटमध्ये घालून वॅट दाखवणारा छोटा मीटर, तापमान आणि दमटपणा दाखवणारी दोन स्वस्त डिजिटल घड्याळं.

सामान: एम६ चे केज नट (रॅकच्या चौकोनी भोकात अडकणारे नट) आणि स्क्रू (मोजून लागतील त्याच्या दीडपट घ्या, हरवतात), वेल्क्रो पट्टी, हिरवी अर्थ वायर आणि लग, स्टार वॉशर, रेड ऑक्साइड, ब्रश, डासांची स्टीलची जाळी.

कागद: लाईटचं बिल (त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो बघायचाय), भाड्याची जागा असेल तर मालकाची लेखी परवानगी, आणि जुनं सामान घेताना सीरियल नंबर लिहिलेलं बिल. बाहेरच्या राज्यातून पन्नास हजारांच्या वरचा माल मागवत असाल तर ई-वे बिलाचं कोण बघणार ते विकणाऱ्याला आधीच विचारा, नाहीतर गाडी वाटेत तपासणीला अडते.

१. आधी यंत्रं मोजा, मग रॅक बघा

रॅकची रुंदी ठरलेली असते, १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी, ही पुढच्या पट्टीची पूर्ण रुंदी. उंची 'यू' मध्ये मोजतात, एक यू म्हणजे ४४.४५ मिमी. म्हणजे ९ यू चा रॅक आतून साधारण ४०० मिमी आणि ४२ यू चा जवळजवळ १८६७ मिमी. इथवर सगळ्यांना माहीत असतं, फसतो आपण खोलीत, म्हणजे पुढून मागे किती ते.

भिंतीवर लावायचे जे स्वस्त रॅक मिळतात ते ४५० किंवा ६०० मिमी खोल असतात आणि ते स्विच, पॅच पॅनल (नेटवर्कच्या वायरी एकत्र आणून जोडायची पट्टी), सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांच्यासाठी बनवलेले आहेत. रॅकचा खरा सर्व्हर बहुतेक वेळा ६५० ते ७५० मिमी लांब असतो आणि त्याच्या मागे वायरी वळायला आणखी १००-१५० मिमी लागतात. म्हणजे पूर्ण सर्व्हर असेल तर १००० मिमी खोल रॅक, किंवा मग चारी बाजू उघडा असलेला सांगाडा. मला एका दुकानदाराने "सगळे सर्व्हर यात बसतात हो" म्हणून ६०० चा रॅक दिला, घरी आणल्यावर सर्व्हर मागून वीतभर बाहेर! परत घेतला नाही. तेव्हा टेपने स्वतः मोजा, पुढच्या कानापासून (रॅकला स्क्रू होते ती पट्टी) मागच्या हँडलच्या टोकापर्यंत.

आणि खरंच सर्व्हर हवाय का तेही याच टप्प्यावर ठरवा. जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर स्वस्तात मिळतो, पण नुसता बसून १५० वॅट खात असेल तर महिन्याला १०८ युनिट होतात. आम्ही दोनातला एकच सर्व्हर ठेवला आणि दुसऱ्याचं काम शेल्फवर ठेवलेल्या एका छोट्या पीसीला दिलं.

२. जागा

जुन्या घरात कौलांच्या खाली अगदी कोरडी जागा मिळणं कठीण. पावसात कुठलं कौल कधी सरकेल आणि कुठून थेंब येईल हे सांगता येत नाही, त्यामुळे माडी किंवा स्लॅब असलेली खोली असेल तर तीच घ्या. न्हाणीघराची भिंत, स्वयंपाकघर आणि एसीच्या आतल्या युनिटच्या बरोबर खालची जागा टाळा. एसीचं पाणी नेणारी नळी तुंबली की पाणी थेट खाली येतं.

भिंतीवर टांगायचा विचार चिऱ्याच्या भिंतीत सोडून द्या. चिरा भुसभुशीत असतो, त्यात रावळप्लग घातला तर तो वरवर घट्ट वाटतो आणि वजन आलं की हळूहळू सैल होतो, आणि मातीत बांधलेली जुनी भिंत असेल तर विचारूच नका. भरलेला २ यू सर्व्हर २५-३० किलोपर्यंत जातो, त्याखाली युपीएस. टांगायचंच असेल तर भिंतीतून आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी प्लेट, पण जमिनीवर उभा केलेला बरा.

जमिनीलाही पावसात ओल येते. रॅक थेट फरशीवर न ठेवता चार-सहा इंच वर घ्या, आम्ही चार चिरे चुन्याचा नव्हे, सिमेंटचा गिलावा करून ठेवले आणि त्यावर जाड रबराचे तुकडे. पायाकडचा गंज पूर्ण थांबला.

३. एसी की उघडी हवा, दोन्हीतलं एकच

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, सावकाश वाचा.

जुलैत बाहेर २८ अंश आणि दमटपणा ९० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश असतो. म्हणजे २६ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही लोखंडाला ती हवा लागली की त्यावर पाणी जमतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमतं तसंच. आता समजा तुम्ही एसी २२ वर लावलाय, रॅकचा पत्रा गार झालाय, आणि कोणी दार उघडं ठेवलं, किंवा लाईट गेली म्हणून एसी बंद झाला आणि हवेसाठी खिडकी उघडली. बाहेरची हवा आत आली आणि गार पत्र्यावर, गार केबलवर ओल. आमच्या पहिल्या सर्व्हरला हेच झालं होतं, पावसाचा थेंबसुद्धा आत आला नव्हता.

म्हणून ठरवा:

एक, एसीची खोली. मग खोली बंदच हवी, फटी बुजवलेल्या, बाहेरची हवा ओढणारा एक्झॉस्ट फॅन नको, आणि एसी २५-२६ वर. खूप गार करायची गरज नसते, यंत्राच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हवा असली की पुरे असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानतात.

दोन, एसी नाही, हवा खेळती. यात यंत्र नेहमी आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहतं, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. मे महिन्यात तापमान वर जातं, पंखे ओरडतात, पण कमी वॅटच्या सामानाला चालून जातं. आम्ही हेच केलं. यात एक पथ्य, पावसाळ्यात यंत्रं बंद ठेवू नका, चालू असलेलं यंत्र स्वतःच्याच उबेने कोरडं राहतं. चार दिवस बंद राहिलं असेल तर चालू करायच्या आधी झाकणं उघडून साध्या फॅनची हवा तासभर तरी द्या.

अर्धा दिवस एसी आणि अर्धा दिवस उघड्या खिडक्या, हे सगळ्यात वाईट. आणि सिलिका जेलच्या पुड्या! हवा खेळत असलेल्या रॅकमध्ये त्यांचा काही उपयोग नाही, पुडी काही तासांत भरते आणि नवीन दमट हवा येतच राहते.

समुद्राजवळ, म्हणजे कळंगूट, मोरजी, कोलवा अशा पट्ट्यात राहत असाल तर मात्र उघडी हवा टाळा, खारं वारं तांबं आणि पत्रा दोन्ही खातं. तिथे बंद खोली आणि छोटा एसी, खर्च वाढला तरी.

४. रॅक कुठून आणायचा

तीन वाटा आहेत.

जुना रॅक: ऑफिसं बंद होतात किंवा हलतात तेव्हा निघतात. वेर्णा, कुंडई अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा, नंबर देऊन ठेवा, महिना-दोन महिने थांबायची तयारी हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला बरंच मिळतं पण आणायचं भाडं धरा. बघताना दारांकडे बघू नका, चारही उभ्या पट्ट्या सरळ आहेत का, भोकं चौकोनी आहेत का (साधारण साडेनऊ मिमी, यातच केज नट बसतात), मागच्या पट्ट्या पुढेमागे सरकतात का, आणि तळाला गंज किती, एवढं बघा. वरवरचा गंज घासून रंगवता येतो, तळ फुगलेला असेल तर सोडून द्या.

स्लॉटेड अँगलचा सांगाडा: हार्डवेअरच्या दुकानात कपाटांसाठी मिळतात तेच. पण त्यांच्या भोकांमधलं अंतर रॅकच्या अंतराशी जुळत नाही, म्हणून अँगलचा फक्त सांगाडा करा आणि रॅकच्या उभ्या पट्ट्या वेगळ्या विकत घेऊन त्यावर बोल्ट करा. दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा कमीत कमी ४५० मिमी, आणि समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४६५ मिमी. सगळे बोल्ट आवळायच्या आधी एक खरं यंत्र घालून बघा, वर, मध्ये आणि खाली, तिन्हीकडे.

वेल्डरकडून: ग्रिल करणारा कोणीही करून देईल, पण वेल्डिंगने पट्टी ओढली जाते आणि दोन मिमीचा फरक पडला तरी सर्व्हर बसत नाही. बाहेरचा सांगाडा वेल्ड, पट्ट्या मात्र बोल्टनेच. कापलेल्या आणि भोक पाडलेल्या प्रत्येक कडेला रेड ऑक्साइड लावल्याशिवाय पैसे देऊ नका, गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

आम्ही जुना २७ यू चा घेतला, दारं नव्हती म्हणून स्वस्तात मिळाला.

५. अर्थिंग आणि लाईट

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, पण काय करायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे.

रॅकसाठी पॅनलपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि १६ अँपिअरचा सॉकेट. फ्रिज किंवा पंपाच्या लाइनवर टाकू नका. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (अर्थला करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर लक्षात ठेवा, प्रत्येक यंत्राच्या पॉवर सप्लायमधून थोडासा करंट अर्थला जातच असतो, आठ-दहा यंत्रं एकत्र आली की विनाकारण ट्रिप होऊ शकतं. यावर उपाय म्हणजे यंत्रं दोन लाइनवर वाटणं. आरसीसीबी काढून टाकायचा नाही!

अर्थिंगचा खड्डा: इथला जांभा पाणी धरून ठेवत नाही, पावसाळ्यात अर्थिंग उत्तम दाखवतं आणि एप्रिलमध्ये तेच खड्डे कोरडे पडतात. म्हणून खड्डा अशा ठिकाणी घ्या जिथे वर्षभर ओल असते, माडाच्या आळ्याजवळ किंवा न्हाणीचं पाणी जातं तिथे, आणि मोजमाप उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात नाही. घरच्या घरी तपासायचं तर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्ट बघा, यंत्रं चालू असताना दोनेक व्होल्टच्या आत असावेत. ३०-४० दाखवत असेल तर अर्थ तुटलेलं आहे असं समजून थांबा. शून्य दाखवलं म्हणूनही लगेच खूश होऊ नका, काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून ठेवतात, सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

रॅकचा रंग वीज अडवतो. म्हणून सांगाडा, दार, बाजूचे पत्रे, प्रत्येकाला वेगळी हिरवी वायर, जोडाच्या जागी रंग खरवडून, स्टार वॉशर घालून. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात ज्या विजा पडतात त्यासाठी पॅनलमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवा, तो चालतो अर्थिंगच्या जिवावर, अर्थ नसेल तर ती नुसती डबी.

युपीएस घेताना व्हीए नाही, वॅट बघा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा, आणि त्याची पाणी घालायची बॅटरी रॅकच्या आत कधीही ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. युपीएसमधल्या बंद बॅटऱ्यांनाही उष्णता सोसत नाही, २५ अंशाच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणून युपीएस तळाशी, जिथे हवा गार असते आणि वजनही खाली राहतं. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते लावलंत की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. आमच्याकडे रात्री लाईट गेल्यावर उठून धावायचं त्यामुळे थांबलं.

६. जोडणी

वजनदार खाली, हलकं वर, हा नियम. खाली युपीएस, मग सर्व्हर, मग शेल्फवर छोटे पीसी, वर स्विच आणि पॅच पॅनल. सर्व्हर चढवायला दोन माणसं.

केज नटचा एक घोटाळा सगळे करतात. एका यू मध्ये तीन भोकं असतात पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं, १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिमी. जिथे दोन भोकं जवळजवळ दिसतात तिथे एक यू संपून दुसरा सुरू होतो. हे न बघता मोजलं की एक भोक चुकतं आणि मग वरचं प्रत्येक यंत्र अर्धवट बसतं. मार्करने पट्टीवर यू चे आकडे लिहून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. नट घालताना स्क्रूड्रायव्हर घसरून बोटं फाटतात, पक्कडीने दाबून घाला.

पॉवरच्या वायरी एका बाजूने, नेटवर्कच्या दुसऱ्या. दोन्ही टोकांना लेबल.

७. झाकणं

आता बंदिस्त करायचं. झाकण कशासाठी हवंय ते आधी ठरवा. आमच्याकडे तीन कारणं होती: पाली-मुंग्या-उंदीर, चवथीला घर भरलं की मुलांचे हात, आणि वरून पडणारं पाणी. आवाज किंवा शोभा यांसाठी झाकत असाल तर पैसे वाचवा.

पुढचं दार काचेचं नको, जाळीचं. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून सोडतो, पुढे काच लावली की तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. आम्ही खिडक्या करणाऱ्या अॅल्युमिनियमवाल्याकडून स्लायडिंग खिडकीच्याच सेक्शनची चौकट करून घेतली, त्यात डासांची स्टीलची जाळी आणि साधं कुलूप. अॅल्युमिनियम गंजत नाही आणि गोव्यात हे कारागीर गावोगावी आहेत. जाळी हवा बरीच अडवते, म्हणून ती पूर्ण दारभर लावा, मधेच छोटी खिडकी ठेवून भागत नाही, आणि महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा.

बाजूला पत्रा किंवा सिमेंट शीट. एमडीएफ अजिबात नको, एका पावसाळ्यात फुगतो. प्लाय वापरायचाच असेल तर मरीन ग्रेड, कडा रंगवून, आणि युपीएस व पॉवर स्ट्रिपच्या जवळ नको, लाकूड शेवटी पेट घेणारंच.

पंख्याचं गणित सोपं आहे. एकूण वॅटला हवा किती अंश तापलेली चालेल त्या आकड्याने भागा आणि १.७६ ने गुणा, सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते येतं. आमचे ४०० वॅट, १० अंश धरले तर ७० सीएफएम. पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळीमागे निम्मा धरा. म्हणजे ७०-८० सीएफएम लिहिलेले १२० मिमीचे दोन पंखे. तयार रॅकमध्ये ते छतात असतात, पण कौलाखाली छताला भोक म्हणजे पाण्याला वाट, म्हणून आम्ही ते मागच्या दारात अगदी वरच्या बाजूला लावले आणि छतावर मागे उतार दिलेला पत्रा टाकला.

रिकाम्या यू वर ब्लँकिंग पट्ट्या लावा, नाहीतर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते. विकतच्या पट्ट्यांऐवजी कापलेला पत्रा किंवा प्लास्टिकची शीट चालते. हे सगळ्यात स्वस्त काम आणि आमच्याकडे यानेच तापमान डोळ्यांना दिसेल इतकं उतरलं.

वायरी आत येतात ती भोकं रबराने आणि स्टीलच्या घासणीने बुजवा. पावसात मुंग्या कोरडी उबदार जागा शोधतात आणि पॉवर स्ट्रिपच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घर करतात, रिकाम्या सॉकेटना प्लास्टिकची बुचं घाला. रॅकमध्ये कीटकनाशकाचा फवारा मारू नका, त्याचा थर यंत्रात ओढला जातो. रॅकच्या पायांभोवती मुंग्यांचा खडू ओढा, पुरतं.

८. पहिला पावसाळा

शक्य असेल तर हे सगळं मिरग लागायच्या आधी संपवा, म्हणजे पहिल्या पावसात गळती कुठे ते कळतं आणि रंगही वाळलेला असतो. तापमानाचं एक घड्याळ पुढे आणि एक मागे लावा, पहिले पंधरा दिवस सकाळ-दुपार-रात्र वहीत लिहा. पुढच्या-मागच्यात १२-१५ अंशांहून जास्त फरक दिसला तर हवा कुठेतरी अडतेय. टॉर्च घेऊन दर आठवड्याला स्क्रूची डोकी आणि केबलची टोकं बघा, पांढरी किंवा हिरवी पूड दिसली तर तिथे ओल पोचतेय.

पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री झोपायच्या आधी रॅकच्या वरच्या पत्र्यावर एक जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग कुठे पडलाय ते बघून कौल सरळ करून घ्या.